एक कोन कळला की सोळा

नागपूरचं डायमंड क्रॉसिंग हा वैदर्भीय माणसाच्या अभिमानाचा विषय. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे देशातले दोन मोठे रेल्वेमार्ग तिथे एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. ना वरून पूल, ना खालून बोगदा. रुळांची एक जोडी दुसरीच्या अंगावरून आरपार जाते आणि मधे शंकरपाळ्यासारखा एक चौकोन उरतो. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन्हीकडे रुळांमधलं अंतर सारखंच, १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे तो चौकोन समभुज असतो.

अशा क्रॉसिंगची आकृती कागदावर काढली, तर भूमितीच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण तिच्यात मावतं. दोन रूळ आडवे, दोन तिरपे. छेदबिंदू चार आणि प्रत्येक बिंदूपाशी चार कोन, म्हणजे एकूण सोळा. ते सगळे मोजायला कोनमापक सोळा वेळा टेकवायची गरज नाही. एकदा पुरे. समजा तो एक कोन ७० अंशांचा निघाला, तर उरलेल्यांपैकी सात ७० अंशांचे असणार आणि आठ ११० अंशांचे. तिसरं माप या आकृतीत येऊच शकत नाही.

एका मापावरून सोळा कोन कळतात ते कोनांच्या जोड्यांमुळे. शाळेत या जोड्या एकापाठोपाठ एक येतात: संलग्न, रेषीय, पूरक, कोटिकोन, विरुद्ध, संगत, व्युत्क्रम, आंतर. नावं पाठ होतात, पण त्यांच्यातला सगळ्यात मोठा भेद बहुतेक वेळा निसटतो. ज्या बिंदूपाशी कोन मोजला, तिथले उरलेले तीन कोन कुठल्याही अटीशिवाय मिळतात. दोन रेषा एकमेकींना छेदतात, एवढं त्याला पुरतं. इतर तीन बिंदूंपाशी असलेले बारा कोन मात्र सशर्त आहेत. रूळ समांतर असतील तरच ते हाती लागतात. एखादा रूळ जरासा वाकडा बसला असेल, तर पहिल्या बिंदूपाशी काढलेलं उत्तर बरोबरच राहील आणि त्यावरून पलीकडच्या बिंदूंबद्दल केलेलं अनुमान चुकेल.

आधी बिनशर्त जोड्या पाहू. त्यातली सर्वांत साधी म्हणजे रेषीय जोडी. एका सरळ रेषेवर कुठूनही दुसरी रेषा उभी केली की तिच्या दोन बाजूंना दोन कोन होतात आणि त्यांची बेरीज १८० अंश भरते. ज्या दोन कोनांची बेरीज १८० असते ते परस्परांचे पूरक. पूरक कोन एकमेकांना चिकटून असलेच पाहिजेत असं मात्र नाही. एक पुण्यात आणि एक पणजीत असला तरी चालतं. रेषीय जोडीतले कोन शेजारी असतात आणि त्यांचे बाहेरचे हात एका रेषेत येतात. म्हणून रेषीय जोडीतले कोन नेहमी पूरक असतात, पण पूरक कोनांची नेहमी रेषीय जोडी होतेच असं नाही. परीक्षेतला एक गुण या वाक्यावर हमखास जातो.

सुताराला हे प्रमेय म्हणून कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याचा वापर तो रोज करतो. गुण्या खरोखर काटकोनात आहे की नाही, हे तपासायला त्याच्याकडे दुसरा, अधिक खात्रीचा गुण्या असतोच असं नाही. मग तो काय करतो? सरळ कडेची फळी घेतो, गुण्याचा जाड दांडा कडेला घट्ट लावतो आणि पात्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारतो. नंतर गुण्या उलटा करतो. आता दांडा त्याच कडेला, पण तोंड विरुद्ध दिशेला. पातं त्याच बिंदूवर आणून तो दुसरी रेघ मारतो. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर गुण्या खरा. दोन रेघांमधे फट पडली तर खोटा.

या युक्तीमागे रेषीय जोडी आहे. गुण्याचा कोन एकदा रेघेच्या डावीकडे पडला आणि एकदा उजवीकडे. रेघ एकच उमटली, म्हणजे दोन समान कोनांनी मिळून सरळ कड भरून काढली. दोन समान कोन आणि बेरीज १८०, तर प्रत्येक ९० असणारच. गुण्या अर्ध्या अंशाने चुकलेला असेल, म्हणजे ८९.५ दाखवत असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून १७९ भरतात आणि मधे एका अंशाची फट राहते. चूक अर्ध्या अंशाची, दिसते एका अंशाची. तीस सेंटीमीटर लांब रेघेच्या टोकाला ही फट सुमारे पाच मिलिमीटर होते आणि ती चष्मा न लावताही दिसते. हत्याराने स्वतःचीच परीक्षा घ्यावी आणि स्वतःचा दोष दुप्पट करून दाखवावा, ही सोय फार थोड्या हत्यारांत असते.

इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने ‘एलिमेंट्स’ रचलं, तेव्हा काटकोनाची व्याख्या त्याने नेमकी अशीच केली. एका रेषेवर दुसरी रेषा उभी केल्यावर शेजारचे दोन्ही कोन समान झाले, तर त्यातला प्रत्येक कोन काटकोन. व्याख्येत ९० हा आकडा नाही, अंश नाहीत. अंशांची भानगड बाबिलोनी ज्योतिषातून आली. युक्लिडला मोजमापाची गरजच भासली नाही, कारण त्याचं सगळं काम ‘समान’ आणि ‘दोन काटकोनांइतकं’ एवढ्यावर भागलं.

दुसरी बिनशर्त जोडी विरुद्ध कोनांची. कात्री जेवढी उघडाल तेवढाच कोन मुठींच्या बाजूला होतो आणि तेवढाच पात्यांच्या बाजूला. हे सांगायला गणितज्ञ कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. पण पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस, त्याच्या आधीच्या युडेमसचा हवाला देऊन सांगतो की विरुद्ध कोन समान असतात हे प्रथम मिलेटसच्या थेलीसच्या लक्षात आलं, आणि त्याची शास्त्रशुद्ध सिद्धता युक्लिडने दिली. थेलीस इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला. डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि तिची सिद्धता यांच्यात सुमारे तीनशे वर्षं गेली.

सिद्धता दोन ओळींची आहे. छेदणाऱ्या रेषांपाशी ओळीने अ, ब, क असे तीन कोन घ्या. अ आणि ब एका सरळ रेषेवर आहेत, म्हणून त्यांची बेरीज १८०. ब आणि क दुसऱ्या सरळ रेषेवर आहेत, म्हणून त्यांचीही बेरीज १८०. दोन्ही बेरजांत ब आहेच. तो दोन्हीकडून काढून टाकला की अ आणि क समान उरतात. म्हणजे विरुद्ध कोनांची समानता ही रेषीय जोडीच्याच पोटातून निघते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात रेषीय जोडी तेराव्या विधानात आहे आणि विरुद्ध कोन पंधराव्यात.

इथवर सगळा कारभार एका बिंदूपाशी चालला. खरी गंमत आणि खरं संकट सुरू होतं ते दुसरा छेदबिंदू आला की.

दोन रेषांना तिसरी रेषा छेदते, तिला छेदिका म्हणतात. दोन्ही छेदबिंदूंपाशी मिळून आठ कोन. दोन्हीकडे सारख्या जागी बसलेले ते संगत कोन. छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना, पण दोन रेषांच्या आत असलेले ते आंतरव्युत्क्रम. वर्गात बाई इंग्रजी झेड काढून दाखवतात, त्या झेडच्या दोन खाचा. छेदिकेच्या एकाच बाजूला आत असलेले ते आंतरकोन. ही नावं फक्त जागा सांगतात, मापाबद्दल काहीच बोलत नाहीत. रेषा समांतर नसल्या तरी संगत कोन संगतच राहतात, फक्त ते समान नसतात. विद्यार्थी नेमके इथे घसरतात. आकृतीत झेड दिसला की लगेच ‘व्युत्क्रम कोन, म्हणून समान’ असं लिहून मोकळे. रेषा समांतर आहेत असं दिलेलं आहे का, हे बघतो कोण?

युक्लिड इथे कमालीचा सावध होता. सत्ताविसाव्या विधानात तो म्हणतो, व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर. अठ्ठाविसाव्यात संगत कोन आणि आंतरकोनांसाठी तेच. एकोणतिसाव्यात उलट प्रवास: रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान, संगत कोन समान आणि आंतरकोनांची बेरीज दोन काटकोन. वरवर पाहता नाणं उलटं केल्यासारखं वाटतं. पण पहिल्या अठ्ठावीस विधानांत त्याने आपल्या पाचव्या गृहीतकाला हातही लावलेला नाही, आणि एकोणतिसाव्यात त्याच्यावाचून त्याचं पाऊल पुढे पडत नाही. ते गृहीतक असं: छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला एकमेकींना मिळतात. बाकीची चार गृहीतकं एकेका ओळीची आणि सरळ. हे पाचवं लांबलचक, आणि प्रमेयासारखं दिसणारं. ते सिद्ध करून दाखवण्याच्या नादात पुढे दोन हजार वर्षं गेली.

समांतर रेषांचा हा नियम काय करू शकतो, याचा सर्वांत देखणा पुरावा मात्र युक्लिडनंतर लगेचच मिळाला. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनीसला कळलं होतं की दक्षिणेकडच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडत होती. काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे सात अंशांपेक्षा थोडा जास्त. सूर्य इतका दूर की दोन्ही गावी येणारे किरण समांतर मानायला हरकत नाही. अलेक्झांड्रियातली काठी खाली वाढवली तर पृथ्वीच्या केंद्रात जाते, सायीनीचा किरणही तिथेच जातो. काठीची रेषा ही छेदिका. सावलीपाशी मोजलेला कोन आणि पृथ्वीच्या केंद्राशी असलेला कोन हे व्युत्क्रम, म्हणून समान. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडियम (हे तेव्हाचं लांबीचं माप) धरलं, त्याला पन्नासने गुणलं, आणि पृथ्वीचा परीघ निघाला २,५०,००० स्टेडियम. आस्वान कर्कवृत्तावर बरोबर नाही, आणि अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेलाही नाही. हे दोष पुढे दाखवले गेले. पण जिथे कोणी कधी जाणार नाही, त्या केंद्रातला कोन त्याने अंगणातल्या काठीपाशी मोजला.

कोटिकोनांची, म्हणजे ज्यांची बेरीज ९० भरते त्या जोडीची, शाळेत जरा उपेक्षाच होते. ‘३५ अंशांच्या कोटिकोनाचं माप सांगा’ एवढ्या एका प्रश्नावर तिची बोळवण करतात. आकाशाकडे पाहणाऱ्यांनी ही चूक कधी केली नाही. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो? जवळपास साडेअठरा अंशच. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाच्या आतबाहेर आहे, तेवढा फरक सोडून द्यायचा. हे दोन आकडे सारखे का येतात? डोक्यावरचा बिंदू आणि खगोलीय विषुववृत्त यांच्यातला कोन म्हणजे अक्षांश. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात काटकोन, म्हणून डोक्यावरचा बिंदू आणि ध्रुव यांच्यातला कोन हा अक्षांशाचा कोटिकोन, म्हणजे साडेएकाहत्तर. डोक्यावरचा बिंदू आणि क्षितिज यांच्यातही काटकोन, म्हणून ध्रुवाची उंची ही त्या साडेएकाहत्तरचा कोटिकोन. एकाच कोनाचे दोन कोटिकोन समान असतात, एवढ्या पुंजीवर समुद्रात वाट काढणाऱ्यांना आपला अक्षांश कळत असे.

जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूरचा अक्षांश २७ आहे. त्यामुळे भिंतीची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. तिथे किती वाजले हे सांगणारी सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंगाच्याच दरबारात जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युक्लिड संस्कृतात आणला. त्याचा आधार होता नसीरुद्दीन तुसीची अरबी आवृत्ती. ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’. तो छापून निघाला तो मुंबईत, बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये, १९०१–०२ साली.

कोटिकोनाचा सर्वांत चमकदार पराक्रम मात्र कॅरमबोर्डावर दिसतो. स्ट्रायकर फ्रेमवर ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परत फिरतो, असं धरू. खऱ्या फ्रेमवर थोडा वेग खर्ची पडतो आणि फिरकही लागते, पण तत्त्वाला बाधा येत नाही. समजा स्ट्रायकर कोपऱ्याजवळ खालच्या फ्रेमवर ३५ अंशांत आपटला. तो ३५ अंशांतच उडून बाजूच्या फ्रेमकडे गेला. दोन फ्रेम आणि स्ट्रायकरचा मधला मार्ग यांचा काटकोन त्रिकोण होतो, आणि काटकोन त्रिकोणातले दोन लघुकोन परस्परांचे कोटिकोन असतात. म्हणून बाजूच्या फ्रेमवर तो ५५ अंशांत आपटणार आणि ५५ अंशांतच सुटणार. आता पहिल्या आपटीपाशी येणारा आणि जाणारा मार्ग यांच्यातला कोन काढा. १८० मधून दोनदा ३५ वजा, ११० उरले. दुसऱ्या आपटीपाशी १८० मधून दोनदा ५५ वजा, ७० उरले. ११० आणि ७० मिळून १८०. हे मधल्या मार्गाच्या एकाच बाजूचे आंतरकोन, त्यांची बेरीज दोन काटकोन, म्हणून स्ट्रायकरचा शेवटचा मार्ग पहिल्या मार्गाला समांतर. ३५ च्या जागी २० घ्या की ६१, उत्तर बदलत नाही. काटकोनी कोपऱ्यातून दोनदा आपटलेली वस्तू आल्या दिशेनेच परत जाते.

सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये असेच बारीक कोपरे ओळीने बसवलेले असतात. फरक एवढाच की ते तीन आरशांचे असतात, कारण प्रकाश कॅरमसारखा सपाटीवर फिरत नाही. ट्रकच्या दिव्याचा उजेड कुठल्याही तिरपेपणाने पडो, तो ट्रककडेच परततो. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अशाच शंभर कोपऱ्यांची एक चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिच्यावर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परततो, आणि त्या वेळेवरून कळतं की चंद्र दरवर्षी आपल्यापासून ३.८ सेंटीमीटर लांब जातो आहे. चौकट काटेकोर पृथ्वीकडे रोखून ठेवण्याची गरज पडली नाही, ती काळजी कोटिकोनांनी घेतली. चांद्रयान-३ च्या विक्रमवरही नासाने दिलेला आठ कोपऱ्यांचा असाच एक छोटा घुमट आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावर लेसर मारला आणि तो बरोबर परत आला.

आणि आता ते पाचवं गृहीतक. इटलीतल्या साकेरीने १७३३ साली ते खोटं धरून विसंगती शोधण्याचा जंगी प्रयत्न केला. एकोणिसाव्या शतकात रशियातल्या लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरीतल्या यानोश बोल्यायने १८३२ मध्ये छापून टाकलं की ते खोटं धरलं तरी एक निराळी, पण सुसंगत भूमिती उभी राहते. म्हणजे संगत आणि व्युत्क्रम कोनांची समानता ही ज्या पृष्ठभागावर रेषा काढल्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. पृथ्वीच्या गोलावर तर हे शाळेतल्या नकाशावरही तपासता येतं. कुठलीही दोन रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. आंतरकोन ९० आणि ९०, बेरीज दोन काटकोन, सगळं युक्लिडच्या मनासारखं. तरीही ती उत्तरेला सरकताना जवळ येत जातात. विषुववृत्तावर एका अंशाचं अंतर १११ किलोमीटर असतं, पुण्याच्या अक्षांशावर ते १०५ वर येतं आणि ध्रुवावर शून्य होतं.

भारताचा नकाशा मोजणाऱ्यांना हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहिला नव्हता. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची रेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आपटलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ठोकठाक करून ते पुन्हा गोल केलं. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना वर्धेजवळच्या हिंगणघाटला तो वारला. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं.

या लोकांच्या वहीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश कधीच येत नसे, आणि यायला नकोच होती. गोलावर समांतर रेषांचा नियम मोडतो, म्हणून तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीजही वाढते. पृथ्वीएवढ्या गोलावर ही वाढ त्रिकोणाच्या दर १९७ चौरस किलोमीटरमागे साधारण एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पन्नास किलोमीटर बाजूचा समभुज त्रिकोण घेतला तर क्षेत्रफळ सुमारे १,०८० चौरस किलोमीटर आणि अपेक्षित वाढ साडेपाच सेकंद. समजा टेकड्यांवरून मोजलेल्या तीन कोनांची बेरीज १८० अंश ७ सेकंद भरली. त्यातले साडेपाच सेकंद पृथ्वीच्या गोलाईचे आणि उरलेले दीड सेकंद मोजणाऱ्याच्या चुकीचे. मग ती चूक तिघांत सारखी वाटायची, प्रत्येक कोनातून अर्धा सेकंद वजा करायचा आणि पुढचा त्रिकोण हाती घ्यायचा.